लिंकवरचं कमिशन आणि टॅक्स : जीएसटी नंबर कोणाला लागतो, कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा?

नागपूर ग्रामीण : काटोल-नरखेडचा संत्र्याचा पट्टा घ्या, नाहीतर मौदा-कुहीकडचं धानाचं शिवार घ्या, आता प्रत्येक गावात दोन-चार पोट्टे असे सापडतात जे मोबाईलवरून लिंका टाकतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर, टेलिग्रामवर किंवा आपल्या यूट्यूब चॅनलखाली फवारणी पंप, ताडपत्री, मोबाईल, कपडे यांची लिंक असते. त्या लिंकवरून कोणी माल घेतला की टाकणाऱ्याला कमिशन मिळतं. याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात.

हा लेख लिहायचं कारण माझंच आहे. २०२३-२४ मध्ये मी बॅटरीवाल्या पंपाच्या आणि ताडपत्रीच्या लिंका टाकायचो. वर्षभरात २३ हजार कमिशन झालं, पण हातात आले १८ हजार ४००. वीस टक्के कापले गेले होते. कंपनीनं लुबाडलं असं मी गावभर सांगत फिरलो. नंतर कळलं की चूक माझीच होती. पॅनला आधार जोडायचं राहून गेलं होतं. एक हजार रुपये दंड भरून पॅन चालू केला, रिटर्न भरलं आणि कापलेले ४ हजार ६०० रुपये खात्यात परत आले.

त्यामुळे सुरुवातीलाच सांगतो. लिंकवाल्या बहुतेक पोरांना जीएसटी लागतच नाही, तरी भीती त्याचीच जास्त असते. पैसा खरा अडकतो तो टीडीएसमध्ये, आणि तिकडे कोणी पाहत नाही. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे नंबर बदलतात, म्हणून आयकराच्या कलमांचे नंबर इथं दिलेले नाहीत.

लिंकवाला म्हणजे कायद्यानं कोण?

कळमन्याच्या बाजारातला अडत्या आठवा. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा आणि मधली अडत तेवढी अडत्याची. लिंकवाल्याचंही तसंच आहे. माल विक्रेत्याचा, बिल विक्रेत्याच्या नावानं, आणि तुमच्या वाट्याला येतं ते फक्त कमिशन. म्हणजे तुम्ही माल विकत नाही, कंपनीला सेवा देता.

पण अडत्यात आणि तुमच्यात एक मोठा फरक आहे. शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर अडत्या जे कमिशन घेतो, त्याला जीएसटीतून सूट आहे. मोबाईलच्या, कपड्याच्या किंवा पंपाच्या लिंकवरच्या कमिशनला तशी सूट नाही. त्यावर जीएसटीचा दर १८ टक्के आहे. हा आकडा ऐकूनच पोरं घाबरतात. पण दर असणं वेगळं आणि तो तुम्हाला लागू होणं वेगळं.

वीस लाखांची रेघ

देशात जीएसटी १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली तरच नोंदणी करावी लागते. महिन्याला सरासरी १ लाख ६७ हजारांचं कमिशन आलं तर ही रेघ ओलांडली जाते.

इथं दोन गैरसमज आहेत.

पहिला असा की, लिंकवरून विकल्या गेलेल्या मालाची पूर्ण किंमत आपल्या उलाढालीत धरतात. तसं नाही. समजा, तुमच्या लिंकवरून वर्षात ५० लाखांचा माल गेला आणि तुम्हाला ४ टक्के कमिशन मिळालं. तर तुमची उलाढाल २ लाख, ५० लाख नाही.

दुसरा गैरसमज बाहेरच्या राज्याचा. कंपनी बंगळुरूची, मी नागपूर जिल्ह्यातला, म्हणजे आंतरराज्य व्यवहार, मग नंबर घ्यावाच लागेल, असं सांगितलं जातं. मूळ कायद्यात आंतरराज्य व्यवहाराला सक्तीची नोंदणी आहे हे खरं. पण १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनं सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत त्यातून मोकळं केलं. म्हणून २० लाखांच्या आतल्या लिंकवाल्याला केवळ कंपनी परराज्यातली आहे म्हणून नंबर घ्यायची गरज नाही.

"एजंटला सक्ती आहे" असंही कोणी म्हणेल. सप्टेंबर २०१८ च्या केंद्राच्या परिपत्रकात हा फरक समजावला आहे. माल देताना बिल कोणाच्या नावानं फाटतं, हे त्यात पाहिलं जातं. मालकाच्या वतीनं माल देऊन स्वतःच्या नावानं बिल फाडणाऱ्याला सक्ती लागू होते. बिल विक्रेत्याचं आणि आपलं फक्त कमिशन असेल, तर ती सक्ती नाही.

नंबर कोणाला घ्यावाच लागतो?

चार जणांनी हा भाग नीट वाचावा.

एक, ज्यांचं कमिशन खरोखर २० लाखांच्या वर गेलं ते. रेघ ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

दोन, ज्यांच्याकडे आधीच जीएसटी नंबर आहे ते. कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर किंवा मोबाईल शॉपी चालवणारा लिंकाही टाकत असेल, तर कमिशन हजार रुपये आलं तरी ते त्याच नंबरवर दाखवून १८ टक्के जीएसटीसह बिल करावं लागतं. नंबर एका पॅनवर असतो आणि त्या पॅनवरचे सगळे धंदे एकत्र धरले जातात.

तीन, किराणा दुकानदार. याची कोणी कल्पनाच देत नाही. फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे. पण ती "फक्त" माल विकणाऱ्यालाच. समजा, दुकानाची वर्षाची विक्री ३० लाख आहे, त्यामुळे नंबर नाही. त्यानं त्याच पॅनवर लिंकांचं कमिशन घेणं सुरू केलं की तो सेवाही देऊ लागला. मग त्याची मर्यादा २० लाखांवर येते आणि ३० लाखांवर नंबर घेणं भाग पडतं. पाच हजारांच्या कमिशनसाठी अख्खं दुकान जीएसटीत जाऊ शकतं. दुकानदार भावांनी लिंकांच्या मागे लागण्याआधी हा हिशेब करून घ्यावा.

चार, स्वतः माल विकणारे. भिवापुरी मिरचीचं तिखट किंवा संत्र्याचा जॅम अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर स्वतःच्या नावानं विकत असाल तर तुम्ही लिंकवाले नाही, विक्रेते आहात. १ ऑक्टोबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला पूर्ण जीएसटी नंबर न घेता पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. माल राज्याबाहेर जाणार असेल तर मात्र जीएसटी नंबर हवाच. नंबर असलेल्या विक्रेत्याच्या विक्रीतून पोर्टलवाली कंपनी टीसीएस कापते. आधी तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. लिंकवाल्याला हा टीसीएस लागत नाही.

उगाच नंबर घेतला तर काय होतं?

"जीएसटी नंबर काढून देतो, दोन-तीन हजार द्या, नाहीतर कंपनी पैसे रोखेल," असं सांगणारे तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. जीएसटी नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. पण खर्च पुढे सुरू होतो.

नंबर आला की उलाढाल कितीही असो, पहिल्या रुपयापासून १८ टक्के. एक लाख कमिशन असेल तर १८ हजार जीएसटी. कंपनी तो वरून देत असेल तर ठीक. पण कराराप्रमाणे कमिशनच "करासहित" असेल तर त्याच लाखातून १५ हजार २५४ रुपये सरकारला जातात. सही करण्याआधी करारातली ही ओळ शोधून वाचा.

त्यात रिटर्नची भानगड. छोट्या उलाढालीला तीन महिन्यांतून एकदा भरायची सोय आहे, पण कमाई शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये आणि शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये लेट फी. शिवाय महाराष्ट्रात जीएसटी नंबरवाल्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर येतो.

"सहा टक्केवाली योजना घे," असा सल्लाही मिळतो. ५० लाखांपर्यंतच्या सेवांसाठी ती कंपोझिशन योजना आहे. पण राज्याबाहेर सेवा देणाऱ्याला ती मिळत नाही. तुमची कंपनी कर्नाटक-हरियाणातली असेल तर ती तुमच्या कामाची नाही.

नंबर घेऊन बसला असाल आणि गरज नसेल, तर पोर्टलवर रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आधी राहिलेली रिटर्नं भरा, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम रिटर्न भरा. नुसतं सोडून दिलं तर लेट फी चढत राहते.

टीडीएस : तुमचा पैसा इथं आहे

आता मुख्य गोष्ट. एका कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर कमिशन झालं की कंपनी टीडीएस कापते. कमिशनवरचा दर आधी ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के आहे. पॅन दिला नसेल किंवा आधार न जोडल्यानं पॅन बंद पडला असेल, तर २० टक्के.

समजा, काटोल तालुक्यातल्या एका पोरानं वर्षात १ लाख ८० हजार कमिशन कमावलं. पॅन चालू असेल तर कापले जातील ३,६००. पॅन बंद असेल तर ३६,०००. काम तेवढंच, फरक ३२ हजार ४०० रुपयांचा. एवढ्यात एका एकराचं बी-खत निघतं.

हा टीडीएस म्हणजे कर नव्हे, तुमच्या नावानं आधीच जमा केलेली रक्कम आहे. नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे वरच्या पोराला पूर्ण रक्कम परत मिळू शकते. पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, आपोआप काही येत नाही.

रिटर्न भरताना एवढं पाहा :

– आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस उघडा. कंपनीनं किती कमिशन दाखवलं आणि किती कापलं ते तिथं दिसतं. तोच आकडा रिटर्नमध्ये यायला हवा.

– फॉर्म बरोबर निवडा. कमिशनच्या उत्पन्नाला छोट्या धंद्याची ठोक टक्केवारीवाली योजना चालत नाही, म्हणून आयटीआर-४ मध्ये ते बसवू नका. आयटीआर-३ लागतो. सेवा केंद्रावरचा पोरगा घाईत "सहज भरून देतो" म्हणाला तर हे त्याला सांगा.

– खर्च दाखवा. कामापुरता मोबाईल रिचार्ज, वायफाय, जाहिरातीचा खर्च वजा होतो. बिलं जपून ठेवा.

– बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्या, नाहीतर रिफंड अडकतो.

– मुदतीत भरा. शेवटची तारीख पोर्टलवरच पाहा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर जाऊ नका.

कंपनीनं पैशाऐवजी वस्तू दिली तरी हिशेब असतो. व्हिडिओ करण्यासाठी दिलेला मोबाईल तुम्ही ठेवून घेतला आणि वर्षातल्या अशा भेटींची किंमत २० हजारांच्या वर गेली, तर १० टक्के टीडीएस लागतो. हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे.

शेती करमुक्त, कमिशन नाही

"आम्ही शेतकरी, आम्हाला टॅक्स नाही," हे अर्धं खरं. वावरातलं उत्पन्न करमुक्त आहे. लिंकवरचं कमिशन सातबारा असलेल्या माणसाला मिळालं तरी ते शेतीचं होत नाही. उलट बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशेबात धरतात. म्हणून रिटर्नमध्ये शेतीचा आकडाही खरा लिहावा. कमिशन शेतीत दाखवून लपवायला जाऊ नका, कंपनीनं कापलेला टीडीएस एआयएसमध्ये दिसतच असतो.

पीएम-किसान आणि लाडकी बहीणचं काय?

गावात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रिटर्न भरलं तर पीएम-किसानचे ६ हजार बंद होतात का?

पीएम-किसानच्या नियमात मागच्या मूल्यांकन वर्षात आयकर "भरलेले" लोक बाद आहेत. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी. कर शून्य निघाला आणि टीडीएस पूर्ण परत आला, तर तुम्ही कर भरलेला नाही. रिटर्नची पावती मात्र जपून ठेवा, चौकशी झाली तर तीच दाखवावी लागेल.

लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर नको आणि कुटुंबात आयकरदाता नको, अशी अट आहे. पोराचं कमिशन कुटुंबाच्या उत्पन्नात येतं, हे घरच्यांनी बसून समजून घ्यावं. आईच्या किंवा बायकोच्या पॅनवर खातं उघडून लिंका आपण टाकायच्या, असं काहीजण करतात. त्यात उत्पन्न त्यांच्या नावावर चढतं आणि योजनेचा घोळ त्यांना निस्तरावा लागतो.

डॉलरमध्ये येणारं कमिशन

परदेशी कंपनीच्या लिंका टाकणाऱ्यांचा इथं टीडीएस सहसा कापला जात नाही. म्हणून ते उत्पन्न लपलं असं नाही. पैसा बँकेतून येतो आणि तो रुपयांत धरून रिटर्नमध्ये दाखवावाच लागतो. कापलेलं काही नसल्यानं कर निघाला तर आपणच भरायचा. वर्षाचा कर १० हजारांच्या वर जात असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला आगाऊ हप्ते असतात.

जीएसटी नंबर असलेल्यांसाठी इथं एक जुनी अडचण होती. परदेशी कंपनीसाठी मध्यस्थी केली तर सेवा भारतातच दिली असं मानून १८ टक्के लागायचे, निर्यातीचा फायदा मिळत नसे. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं ही तरतूद काढायची शिफारस केली. डॉलरवाल्यांनी आपल्या सीएकडून यातली ताजी स्थिती विचारून घ्यावी.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून घाबरू नका

यूट्यूबवर अॅफिलिएट आणि टॅक्स शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ येतात. "टॅक्सचा कायदा आला आणि कंपनीनं अॅफिलिएट बंद केले," असं त्यात असतं. ते खोटं नाही, पण गोष्ट तिकडची आहे.

अमेरिकेत विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा. ज्या राज्यात कंपनीचं दुकान-गोदाम नाही, तिथं तिला तो वसूल करावा लागत नसे. २००८ मध्ये न्यूयॉर्कनं कायदा केला की तुमचे कमिशनवाले आमच्या राज्यात राहतात, म्हणजे तुम्ही इथं आहातच, कर वसूल करा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियानं तसंच केलं, तेव्हा अॅमेझॉननं तिथल्या लिंकवाल्यांची खातीच बंद केली. काही महिन्यांनी सरकारशी तडजोड झाल्यावर ती परत सुरू केली. २१ जून २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की राज्यात दुकान नसलं तरी कर वसूल करायला लावता येतो. मग लिंकवाल्यांना काढून कर टाळायचं कारणच उरलं नाही.

आपल्याकडे जीएसटी देशभर एकच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या लिंकवाल्याला काढून कंपनीचा एक रुपया कर वाचत नाही. त्यामुळे तशी भीती इथं नाही.

या लिंका टाकूच नका

पैसे लावून खेळायच्या अॅपच्या लिंकांवर कमिशन जास्त मिळतं म्हणून पोरं त्या टाकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इथं टॅक्सचा प्रश्नच नाही, हे थेट पोलीस केसचं काम आहे.

आणि आपल्या पॅन-आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका. दुसऱ्याच्या कागदांवर बोगस जीएसटी नंबर काढून खोटी बिलं फाडल्याची प्रकरणं देशभर घडली आहेत. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता "सर्च बाय पॅन" मध्ये आपला पॅन टाकून पाहा. न घेतलेला नंबर दिसला तर लगेच लेखी तक्रार करा. नागपुरात जीएसटी आणि आयकर, दोन्ही खात्यांची मुख्य कार्यालयं सिव्हिल लाइन्समध्ये आहेत. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करा.

थोडक्यात

– कमिशन वर्षाला २० लाखांच्या आत, दुसरा धंदा नाही : जीएसटी नंबर नको.

– दुकान आहे किंवा नंबर आधीच आहे : लिंका सुरू करण्याआधी सीएला विचारा.

– पॅन-आधार जोडलेलं आहे का, आजच पाहा. २ टक्के आणि २० टक्के यातला फरक तिथंच आहे.

– टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा. तो पैसा तुमचा आहे.

– लिंकच्या कमाईची एक वही ठेवा. तारीख, कंपनी, किती आले आणि किती कापले, एवढं लिहिलं तरी पुरे. दुधाच्या डेअरीचं कार्ड आपण जपतोच ना, तशीच ही वही जपा.